हेटकऱ्यांचा नेम



ज्या गुरुजींच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने बोलावयास उभे राहताना मला संकोच वाटतो. गुरुजींनी पेडणे आणि डिचोली महालांतील मुलांना अक्षरओळख करून दिली आणि त्याबरोबर आपल्या गावाकडे डोळसपणे पाहण्याची सवयही लावली. म्हणून आजचा विषय मी या मातीतलाच निवडला आहे. विषयाचे नाव ऐकून काहींना नवल वाटले असेल. आयुष्यभर मराठी वाङ्मय शिकविलेल्या माणसाने बंदुकीच्या नेमबाजीवर बोलावे, हे जरा विपरीतच. परंतु या विषयाकडे मला बंदुकीने नेलेले नाही, एका शब्दाने नेले आहे. तो शब्द म्हणजे ‘नेम’.

नेम या शब्दाविषयी

संस्कृत ‘नियम’ या शब्दापासून मराठीत ‘नेम’ आला. एकादशीचा नेम, नित्यनेम, नेमधर्म या प्रयोगांत तो व्रताचा वाचक आहे. ‘पावसाचा काही नेम नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ शाश्वती असा होतो. आणि ‘नेम धरला’, ‘नेम चुकला’ यांत तोच शब्द लक्ष्यवेधाकडे वळतो. व्रत, शाश्वती आणि लक्ष्य हे तीन अर्थ एकाच शब्दात नांदत आहेत. ज्यांच्या तोंडी हा शब्द घडला त्या लोकांच्या अनुभवात या तीन गोष्टी परस्परांपासून दूर नसाव्यात, असे मला वाटते. केवळ व्युत्पत्तीच्या पायावर इतिहासाची इमारत उभारू नये, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो. तेव्हा शब्दाचा हा दिवा हाती घेऊन आपण प्रत्यक्ष इतिहासाकडे वळू या.

हेटकरी कोण?

जेम्स ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. शिवछत्रपतींच्या पायदळाचे वर्णन करताना तो दोन प्रकारच्या लोकांचा उल्लेख करतो. घाटमाथ्यावरचे ते मावळे आणि कोकणातले ते हेटकरी. ‘हेट’ म्हणजे खालची बाजू. घाटावरून पाहणाऱ्याच्या दृष्टीने दक्षिण कोकणची पट्टी खाली पडते, म्हणून तिथला माणूस हेटकरी. डफ म्हणतो की, हे हेटकरी नेमबाजीत सरस होते. त्यांच्यापैकी काहीजण, विशेषतः सावंतवाडीकडचे, चकमकीची बंदूक वापरीत आणि गारगोटीच्या चापाची ही युक्ती त्यांनी पोर्तुगीजांकडून बऱ्याच आधी उचलली होती. दर दहा माणसांमागे एकजण बंदुकीऐवजी धनुष्यबाण बाळगी, कारण रात्रीच्या छाप्यात आवाज आणि उजेड दोन्ही घातक.

आता सतराव्या शतकातील सावंतवाडीचा मुलूख कोणता, हे ध्यानात घेतले पाहिजे. तेरेखोल नदीच्या दक्षिणेचे पेडणे आणि डिचोली, म्हणजे त्या काळचे भतग्राम, हे महाल तेव्हा पोर्तुगीजांचे नव्हते. त्यांचे राजकारण कुडाळ आणि वाडी यांच्याशी बांधलेले होते. डिचोली महालातील नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराच्या देवालयाचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवछत्रपतींनी करविला, तो याच नात्यातून. हे महाल पोर्तुगीज सत्तेखाली कायमचे गेले ते १७८१ ते १७८८ या काळात. तेव्हा ‘सावंतवाडीकडचे हेटकरी’ या शब्दांत पेडणे आणि डिचोलीच्या गावांतील माणसेही येतात, असे मानावयास हरकत नसावी. आज या सभागृहात बसलेल्या कित्येकांच्या पूर्वजांविषयी ते वाक्य लिहिलेले आहे.

पुरंदरच्या १६६५ च्या वेढ्याची हकीगत आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो. मुरारबाजींची तलवार, दिलेरखानाचा विस्मय आणि अखेर खानाने स्वहस्ते सोडलेला बाण. परंतु डफने दिलेल्या वृत्तांतात त्यापूर्वीचा एक क्षण आहे. मोगलांनी खालच्या किल्ल्यात प्रवेश मिळविला, तेव्हा वरच्या किल्ल्यातून हेटकरी नेमबाजांनी असा मारा केला की, हल्ला करणारे आडोशाला पळाले. त्या गोंधळाचा फायदा घेऊन मावळे तलवारी उपसून तुटून पडले. तलवारीला वाट मिळाली ती बंदुकीमुळे. पोवाड्यांनी आणि शाळेतील धड्यांनी तलवार लक्षात ठेवली. वर खडकाआड गुडघा टेकून बसलेला, पेडण्या-वाडीकडचा तो माणूस मात्र आपल्या स्मृतीतून निसटला.

गोमंतकातील बंदूक

या नेमबाजीला साधन कोठून मिळाले? १५१० साली आफोन्सो द आल्बुकेर्क याने गोवा जिंकला आणि १५१३ साली आपल्या राजाला लिहिताना त्याने गोव्याच्या कारागिरांची स्तुती केली. येथील बंदुका बोहेमियातील बंदुकांच्या तोडीच्या होतात, असे त्याचे म्हणणे होते. बोहेमिया म्हणजे त्या काळी युरोपातील नामांकित बंदूककारांचा देश. पोर्तुगीज येण्यापूर्वीच येथे धातुकामाची पक्की परंपरा होती, म्हणूनच अवघ्या तीन वर्षांत अशी प्रशंसा करता आली. १५४३ साली पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर जपानच्या तानेगाशिमा बेटावर ज्या बंदुका पोहोचल्या, त्यांची घडणही हिंदी-पोर्तुगीज पद्धतीची होती, असे या विषयाचे अभ्यासक मानतात. म्हणजे मांडवीच्या काठची कारागिरी समुद्रमार्गाने पूर्वेच्या टोकापर्यंत गेली आणि डोंगरवाटांनी आपल्या महालांतही आली.

भाषेनेही या देवघेवीची नोंद ठेवली आहे. ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ हे आपले शब्द पोर्तुगीजांकडून आले. उलट ‘फिरंग’ या शब्दाने मराठीत बंदूक ओळखली जात नाही; युरोपी पात्याची तलवार ओळखली जाते. आणि बंदुकीचे अवयव सांगताना आपण चाप, घोडा, दस्ता, नळी, कान, माशी, रंजक असे घरचे किंवा घरचेच होऊन गेलेले शब्द वापरतो. वस्तू बाहेरून आली तरी ती हाताळणाऱ्याने तिला आपल्या संसारात घेतले, याचा हा पुरावा होय.

बिनटेकूचा नेम

येथे विषयाच्या गाभ्याकडे येतो. बंदूक मिळाली म्हणजे नेमबाजी आली, असे होत नाही. तोड्याची बंदूक उडविण्याचा क्रम पाहा. नळीत दारू ओतावयाची, त्यावर गोळी सारावयाची, गजाने ठासावयाची, कानाजवळच्या वाटीत बारीक रंजक घालावयाची, धुमसता तोडा फुंकून चापाच्या दातात बसवावयाचा आणि मग नेम धरावयाचा. चाप ओढल्यावर रंजक भडकते, तिचा जाळ कानातून आत जातो आणि नंतर बार होतो. या दोन जाळांमध्ये क्षणभराचे अंतर पडते. डोळ्यांपासून वीतभर अंतरावर भडका उडालेला असताना, पापणी न लववता, त्या क्षणभरात बंदूक होती तशीच स्थिर राखावी लागते. नवखा माणूस नेमका तेथेच दचकतो आणि गोळी भलतीकडे जाते.

स्थिरतेचा हिशेब सोपा आहे. नळीची लांबी एक मीटर धरली आणि नेम धरताना तिचे टोक केवळ एक मिलिमीटर हलले, तर शंभर मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर बाजूला पडते. एक मिलिमीटर म्हणजे श्वासाच्या एका हेलकाव्याने होणारी हालचाल. तटाच्या जंगीतून, म्हणजे बंदुकीसाठी राखलेल्या छिद्रातून, बार काढणाऱ्याला दगडाचा टेकू असतो. रानातल्या माणसाला तो नसतो. झाड मिळाले तर झाड, नाहीतर आपलेच शरीर.

शरीराचा टेकू करण्याची विद्या जगभर एकाच तत्त्वावर उभी आहे : भार स्नायूंवर टाकू नये, हाडांवर टाकावा. स्नायू थकतो आणि थरथरतो. हाड थकत नाही. म्हणून पालथे पडून नेम धरताना पुढच्या हाताचे कोपर बंदुकीच्या खाली येते. गुडघा टेकून बसताना कोपर गुडघ्याच्या वाटीवर न ठेवता किंचित पुढे, मांसल भागावर ठेवतात, कारण हाडावर हाड गोलाकार घसरते. उभे राहून नेम धरणे सर्वांत अवघड. तेथे कोपर बरगडीला लावून शरीराचाच खांब करावा लागतो. बंदूक जोर लावून लक्ष्याकडे वळवावयाची नसते. डोळे मिटून, अंग सैल सोडून उघडल्यावर माशी आपोआप जेथे येते, तेथे लक्ष्य यावे म्हणून पायच सरकवावे लागतात. श्वास अर्धा सोडून थांबवावयाचा, चाप हळूहळू दाबावयाचा आणि बार झाल्यावरही क्षणभर तसेच राहावयाचे.

आता हेटकऱ्यांचा विचार करा. आमच्या लोकांचे अर्धे आयुष्य उकिडवे बसण्यात गेलेले. भाजी चिरावयाची ती विळीवर, सुपारी सोलावयाची ती उकिडवे बसून, गप्पा मारावयाच्या त्याही पारावर तशाच. दोन्ही तळवे जमिनीला टेकवून, कोपरे गुडघ्यांच्या पुढे आणून बसलेला माणूस पाहा. खुर्चीवर वाढलेल्या माणसाला जी बैठक शिकावी लागते, ती याला जन्मजात असते. कुळागराच्या दाटीत, सड्यावरच्या खुरट्या झुडपांत, शेताच्या बांधाआड अशा बैठकीला जागाही थोडी लागते. शिवाय रानडुकरांपासून आणि माकडांपासून पीक राखण्यासाठी येथील शेतकऱ्याला रात्र-रात्र जागावे लागे. दारू महाग आणि शिसे महाग. दुसरा बार भरीपर्यंत जनावर पसार होणार. म्हणून एकाच गोळीत काम होईल एवढे जवळ येईतो थांबणे त्याला भाग होते. गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा भरवसा शंभर पावलांच्या पलीकडे फारसा नसे. तेव्हा थांबणे ही नेमबाजीची अर्धी विद्या होती.

पावसाचाही विचार केला पाहिजे. चार महिने ज्या भूमीत दोर वाळत नाही, तेथे तोडा विझतो. धुमसत्या तोड्याचा वास आणि ठिणगी अंधारात शत्रूला सावध करते. सावंतवाडीकडच्या लोकांनी चकमकीचा चाप लवकर उचलला, यामागे ही गरज असावी, असे माझे अनुमान आहे. हत्यार, हवामान, भूमी आणि बैठक या चारांच्या संयोगातून हेटकऱ्यांचा नेम घडला.

डफच्या वाक्याचा उत्तरार्ध

डफच्या त्या वाक्याला एक उत्तरार्ध आहे आणि तो आपल्याला सुखावणारा नाही. मावळ्यांप्रमाणे तलवार उपसून जिवावर उदार होऊन तुटून पडणे हेटकऱ्यांना क्वचितच साधे, असे तो म्हणतो. माझ्या तरुणपणी हे वाचून मला राग आला होता. आता वाटते, डफने वस्तुस्थिती नोंदविली, पण शौर्य मोजण्याचे माप एकच धरले.

बार काढून झालेल्या बंदूकधाऱ्याची अवस्था कल्पनेत आणा. त्याच्या धुराने त्याची जागा उघडी पडली आहे. पुन्हा बार भरावयास अर्धे मिनिट किंवा अधिक वेळ लागणार. त्या अवधीत हातात आहे ती केवळ एक लांब लोखंडी नळी. समोरून माणूस धावत येत आहे आणि याने गजाने दारू ठासावयाची आहे. हात थरथरला तर रंजक सांडेल. धावत सुटणाऱ्या वीराला रक्ताच्या उसळीची साथ असते. जागेवर थांबणाऱ्याला तिचाच अडथळा होतो. हे धैर्य पोवाड्यात मावत नाही, कारण बाहेरून पाहणाऱ्याला तेथे काहीच घडताना दिसत नाही. आपल्या इतिहासलेखनाने धावणाऱ्याला नाव दिले आणि थांबणाऱ्याला समूहात ठेवले. ही उणीव भरून काढणे तुमच्या-माझ्यासारख्यांचे काम आहे.

परंपरेचा ऱ्हास

नव्या काबिजादींत पोर्तुगीज अंमल बसला तरी शस्त्र खाली ठेवले गेले नाही. डिचोली महालातील साखळी आणि शेजारची सत्तरी हे राण्यांचे मुलूख. १८५२ साली दीपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला घेऊन उठाव केला. पुढे कुष्टोबा राणे उठले. १८९५ च्या सप्टेंबरात पोर्तुगीज सैन्यातील मराठा शिपायांनी आफ्रिकेत मोझांबिककडे जाण्यास नकार दिला आणि ते सत्तरीच्या रानात दादा राण्यांना जाऊन मिळाले. कवायतीत तयार झालेले शिपाई आणि रानाची नस ओळखणारे लोक एकत्र आले, तेव्हा पोर्तुगालला राजाचा भाऊ दों आफोन्सो याच्या हाताखाली मायदेशातून फौज पाठवावी लागली.

परंतु तोवर काळ बदलला होता. पोर्तुगालने १८८६ साली क्रोपाचेक रायफल स्वीकारली होती. रायफलच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि दूरवर सरळ राहते. अशी नळी आणि तिचे काडतूस गावातील लोहाराच्या भात्यावर होत नाही. त्याला कारखाना आणि सरकारी तिजोरी लागते. सतराव्या शतकात हेटकरी आणि फिरंगी यांच्या हातांतील हत्यारांत फारसे अंतर नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते अंतर ओलांडण्यापलीकडे गेले. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य माणसाच्या हातून बंदूक काढून घेतली. हेटकऱ्यांची विद्या पराभवाने संपली नाही. ती कारखान्याने आणि कायद्याने निरुपयोगी ठरविली.

याच सुमारास युरोपात नेमबाजीचे शास्त्र होऊ लागले होते. इंग्लंडात १८५३ साली हाइथ येथे बंदूक चालविण्याचे लष्करी विद्यालय निघाले. १८६० साली विंबल्डनच्या मैदानावर राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धांचा प्रारंभ व्हिक्टोरिया राणीच्या हस्ते झाला. व्हिटवर्थ रायफल लोखंडी चौकटीत आधीच नेम साधून घट्ट बसविलेली होती. राणीने रेशमी दोरी ओढली आणि चारशे यार्डांवरील लक्ष्याच्या मध्याजवळ गोळी लागली. समारंभाला ते शोभून दिसले. पण पुढे १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेतील शेतकऱ्यांनी त्याच इंग्रज सैन्याला धडा शिकविला. माळरानावर लहानपणापासून शिकार करणाऱ्या त्या बोअरांना चौकट लागत नव्हती. खडकाआड पालथे पडून, मिळेल त्या बैठकीतून ते अचूक मारा करीत. त्या युद्धानंतर इंग्रजांनी आपल्या शिपायांच्या नेमबाजीच्या शिक्षणाकडे नव्याने लक्ष दिले. आमच्या हेटकऱ्यांना हा धडा अडीचशे वर्षांपूर्वी ठाऊक होता, एवढेच मला सुचवावयाचे आहे.

नेमाची दुसरी बाजू

येथवर मी नेमबाजीची थोरवी सांगितली. येथेच थांबलो तर गुरुजींच्या नावाने चाललेल्या या व्यासपीठाशी माझ्याकडून प्रतारणा होईल.

गोवा मुक्तीच्या लढ्यात दोन मार्ग होते. १९४७ साली स्थापन झालेल्या आझाद गोमंतक दलाने शस्त्र हाती घेतले. त्या दलातील मोहन रानडे हे सांगलीकडून आलेले, मूळचे मनोहर आपटे, गोव्यात मराठीचे शिक्षक होते. १९५५ च्या ऑक्टोबरात बेती येथील पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले आणि १९६९ च्या जानेवारीपर्यंत कारावासात राहिले. गोवा मुक्त होऊन सात वर्षे झाली तरी पोर्तुगालच्या तुरुंगाने त्यांना सोडले नव्हते. एका मराठी शिक्षकाने दिलेली ही किंमत या विद्यालयाने विसरू नये.

दुसरा मार्ग निःशस्त्रांचा. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून आलेले सत्याग्रही गोव्याच्या सीमांवर जमले. आपल्या पेडणे महालातील पत्रादेवीच्या नाक्यावर पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेला कर्नेलसिंग बेनिपाल हा तरुण शिक्षक तेथे छातीवर गोळी झेलून पडला. आज तेथे हुतात्मा स्मारक आहे आणि मुंबईकडे जाणारी वाहने त्याच्या बाजूने धावतात. बंदूक चालविणाऱ्याचा नेम त्या दिवशी चुकला नव्हता. हात स्थिर होता, माशी जुळली होती, गोळी नेमकी गेली. तरीही तो नेम चुकलेलाच होता, कारण त्याला दुसऱ्या अर्थाचा नेम, म्हणजे नियम, नव्हता.

म्हणून त्या शब्दाचे अर्थ एकमेकांपासून तोडू नयेत, असे मला वाटते. हाताची स्थिरता ही विद्येची निम्मी बाजू. बंदूक कोणावर रोखावयाची, केव्हा खाली करावयाची आणि केव्हा हातीच घ्यावयाची नाही, हे ठरविणारे व्रत ही उरलेली निम्मी. पत्रादेवीला कर्नेलसिंगजवळ बंदूक नव्हती, आडोसा नव्हता आणि मागे हटण्यास वाट होती. तो हटला नाही. पुरंदरच्या खडकाआड थांबलेला हेटकरी आणि पत्रादेवीच्या उघड्या रस्त्यावर उभा राहिलेला हा तरुण यांचे मार्ग वेगळे. परंतु बाहेरच्या टेकूवाचून स्थिर राहण्याचा गुण दोघांत एकच आहे.

आजचे स्थान

या विद्येला आज निरुपद्रवी घर मिळाले आहे, ते क्रीडेचे. साठच्या दशकाच्या अखेरीस आमच्या महाविद्यालयात राष्ट्रीय छात्रसेना होती. पॉइंट टू-टू रायफल घेऊन आम्ही पंचवीस यार्डांवर पालथे पडत असू. पहिल्या दिवशी वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून माझ्या पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकता येतील एवढ्यात पडल्या आणि मी स्वतःवर खूश झालो. उस्तादांनी काही न बोलता पिशवी काढून घेतली. पुढच्या पाचांपैकी दोन गोळ्या कागदावर होत्या. उरलेल्या तीन कोठे गेल्या ते मातीच्या बांधालाच ठाऊक. उस्ताद म्हणाले, “आता तुझा नेम कळला. मघाशी पिशवीचा कळला होता.” पुढे मी अनेक प्रबंध तपासले. संदर्भांच्या पिशव्यांवर नीट टेकलेले, पण पिशवी काढताच कोसळणारे लेखन पाहिले की, मला ते उस्ताद आठवतात. माझ्या स्वतःच्या लेखनाविषयीही हीच शंका मी बाळगत आलो.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने पन्नास मीटर रायफलच्या तीन बैठकींच्या स्पर्धेत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले. १९५२ साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक जिंकले, त्यानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक लाभले. या स्पर्धेतील तीन बैठकी म्हणजे गुडघा टेकून, पालथे पडून आणि उभे राहून. पहिल्या दोहोंत दंडाला पट्टा बांधता येतो. उभे राहताना तोही नाही. रायफलला कोणताच टेकू नाही. पन्नास मीटरवरील दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे हाताच्या बोटाच्या नखाएवढे. घाटावरच्या या मुलाच्या बैठकीत मला आमचे हेटकरी दिसले, असे म्हटले तर ते काव्य होईल, इतिहास होणार नाही. परंतु ज्या गुणासाठी जगाने त्याचा गौरव केला तोच गुण आमच्या लोकांत होता आणि एका परकीय इतिहासकाराने तो लिहून ठेवला, एवढे मात्र निखळ सत्य आहे.

माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. आपापल्या वाड्यावरच्या वयोवृद्धांकडे बसा. शेत राखण्याच्या रात्री, ठासणीच्या बंदुका, त्यांच्या अवयवांची गावोगावची नावे, बार भरण्याच्या पद्धती हे सारे त्यांना विचारून लिहून ठेवा. वन्यजीवांच्या रक्षणाचा १९७२ चा कायदा आला, शिकार बंद झाली, हे योग्यच झाले. त्या शिकारी परत याव्यात असे माझे मुळीच म्हणणे नाही. परंतु जी विद्या संपली तिचे शब्दही आपल्या डोळ्यांदेखत संपत आहेत आणि शब्द एकदा गेला की, त्यामागच्या माणसाला ओळखण्याची अखेरची खूणही जाते. हे काम विद्यापीठाची वाट न पाहता एका शाळेला करता येण्यासारखे आहे.

गुरुजींनी मुलांना पाटीवर पहिली सरळ रेघ ओढावयास शिकविली तेव्हा प्रारंभी त्यांचा हात धरला असेल आणि योग्य वेळी तो सोडला असेल. शिक्षणाचे सारे मर्म त्या हात सोडण्यात आहे. त्यानंतर रेघ वाकडी आली तरी ती मुलाची स्वतःची असते आणि नेम धरून, म्हणजे नित्यनेमाने, ती सरळ करता येते.